आण्णांनी न उघडलेली पत्रिका

मागच्या रविवारी माझी चांगलीच जिरली. तीही माझ्याच विषयात...

चाकणच्या एका कंपनीत मी एचआरला आहे. ऑनलाइन फसवणुकीपासून सावध कसं राहायचं, याचं सेशन प्रत्येक शिफ्टला मीच घेते. "आलेली फाइल लगेच उघडू नका" हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन.

तर रविवारी सकाळी पिंपळे गुरवला घरी पोहे करत होते. नवऱ्याच्या चुलतभावाच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. गाण्यासकट बघायची असेल तर हे छोटं अ‍ॅप टाका, असं खाली लिहिलेलं. माणूस घरचाच, त्याच्या बहिणीचं लग्नही ठरलेलं... एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताने मी सगळ्याला 'हो' म्हणत गेले.

पत्रिका काही उघडली नाही. पोहे मात्र खाली लागले.

दहा मिनिटांत नणंदेचा फोन, की वहिनी, ही कसली फाइल पाठवलीस? मी कुणालाच काही पाठवलं नव्हतं. माझ्या नावाने ती अख्ख्या भावकीच्या ग्रुपवर गेली होती, शिवाय एकेकाला वेगळी.

नवऱ्याने आधी माझं इंटरनेट बंद केलं, सिम काढलं आणि स्वतःच्या फोनवरून बँकेला, सायबर हेल्पलाइनला कळवलं. माझं खातं वाचलं. पण माझा जीव अडकला होता आण्णांच्यात...

आण्णा म्हणजे माझे सासरे. रस्त्यात जमीन गेली, तिचा सगळा मोबदला त्यांच्या खात्यात आहे आणि ते खातं त्यांच्या फोनला जोडलेलं. स्मार्टफोन त्यांना मीच शिकवला. "दुसऱ्या कुणाचं उघडू नका, मी पाठवलेलं बिनधास्त उघडा," हेही मीच शिकवलेलं... आणि नवऱ्याच्या फोनवरून लावला, तरी ते उचलत नव्हते.

स्कूटर काढली आणि थेट गावठाणातल्या देवळापाशी गेले. आण्णा तिथे भावकीतल्याच रोजच्या तिघा मित्रांबरोबर बसले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

मी पाठवलेली पत्रिका उघडलीत का, एवढंच विचारलं.

"न्हाई उघडली. घरातलं लगीन, अन् सून सासऱ्याला मोबाईलवर आवतण धाडती व्हय? दारात येऊन हातात अक्षदा दिल्याबिगर आमी मांडवात पाय ठेवत न्हाई. ह्यांनाबी सांगितलं, उघडू नगा, पोरीला अजून रीत कळली न्हाई."

म्हणजे माझ्यावरच्या रागानेच ते फोन उचलत नव्हते... मी तिथेच पायरीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मग सगळं सांगितलं. आण्णा टोपी नीट करून उठले. म्हणाले, "आता तुझ्या मेसेजवर कोन इस्वास ठेवंल? चल, घरोघर जाऊ."

आवतण द्यायला निघावं तसेच निघालो आम्ही. मी स्कूटरवर पुढे, आण्णा मागे. सात-आठ घरं, सात-आठ चहा. दोन घरांत फाइल उघडली गेली होती, तिथूनच बँकेला फोन लावले आणि वेळेत निभावलं. एका काकूंनी तर मला निमंत्रणाला आलेली समजून पाटावर बसवून कुंकू लावलं.

प्रत्येक दारात आण्णा एकच सांगत होते, "सुनंच्या नावानं आलेलं उघडू नगा. तिची काय चूक न्हाई."

चूक सरळसरळ माझीच होती. हे त्यांनाही माहीत होतं. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस त्या दिवशी सात-आठ दारांत माझ्यासाठी खोटं बोलला...

सोमवारी सेशनमध्ये मी माझीच गोष्ट सांगितली. लोक पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागे होते.

आता मी दुपारी कॅन्टीनमधून आण्णांना नुसतं 'जेवलात का?' असं विचारलं, तरी ते मेसेजला उत्तर देत नाहीत. लगेच फोन करतात आणि विचारतात, "तूच हायस ना गं?"

हो आण्णा, मीच आहे. रोज विचारा... मला फार बरं वाटतं.