मामांनी होडी देऊन टाकली त्याची गोष्ट

आमच्या थोरल्या मामांबद्दल घरात दोन मतं आहेत. मामींच्या मते त्यांनी नौदल सोडायलाच नको होतं, कारण तेव्हा ते निदान सहा-सहा महिने घराबाहेर असायचे. माझ्या मते ज्याने कुणी त्यांना राजदूत केलं त्याचा सत्कार करायला हवा होता. इतकं हसायला आम्हाला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

मामा नौदलात एकवीस वर्षं होते. जहाजाच्या लोखंडी जिन्यावरून घसरले आणि गुडघा कामातून गेला. मग सरकारने त्यांना आधी एका वकिलातीत बसवलं आणि पुढे, माणूस सरळ आहे, समुद्र जाणतो, म्हणून शेजारच्या देशात राजदूत करून पाठवलं. नौदल सुटलं, पण तिथली एक सवय काही सुटली नाही.

जहाजावर हुकूम मिळाला की आधी तो मोठ्याने जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, मग पाळायचा. कप्तान म्हणणार, "डावीकडे दहा." सुकाणूवाला म्हणणार, "डावीकडे दहा," आणि मग चाक फिरवणार. वाऱ्यात आणि इंजिनाच्या घरघरीत भलतंच ऐकून जहाज खडकावर जाऊ नये म्हणून ही रीत. जहाजावर ती शोभते. स्वयंपाकघरात नाही.

"अहो, दूध बघा, वर येतंय!"

"दूध बघतो, वर येतंय," मामा खुर्चीतूनच म्हणायचे आणि मग उठायचे. तोवर दूध ओट्यावरून खाली उतरलेलं असायचं. मामींनी शेवटी हात टेकले.

तर हे मामा नव्या देशात जाऊन तीन महिने झाले असतील, तेव्हा आपल्याकडचे अकरा मच्छीमार इंजिन बंद पडून वाहत वाहत त्या देशाच्या हद्दीत गेले आणि पकडले गेले. होडी एकच, अकरा घरांनी मिळून घेतलेली. माणसं बंदरावरच्या एका बराकीत, होडी धक्क्याला साखळीने बांधलेली. सोडवायचं काम मामांचं.

पहिली बैठक लांबलचक टेबलावर झाली, दोन्हीकडची मिळून डझनभर माणसं. समोर त्या देशाच्या सचिवबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्यांच्या शेजारी नोंदी घेणारा कारकून. बाई म्हणाल्या, "माणसं सोडू. होडी आमच्याकडे राहील."

मामा ताठ बसून खणखणीत आवाजात म्हणाले, "माणसं सोडाल. होडी तुमच्याकडे राहील."

कारकुनाने लिहून घेतलं. बाईंनी फाइल मिटली, सगळ्यांनी हात मिळवले. मामांना वाटलं, छान, त्यांचं म्हणणं नीट कळलं, आता उद्या आपलं सांगू. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद आला. त्यात लिहिलं होतं, "पाहुण्या पक्षाने अट मान्य केली."

त्या खोलीत जे मोठ्याने म्हणाल आणि ज्यावर हरकत घेणार नाही, ते तुम्ही मान्य केलं, अशी तिथली रीत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला विचाराल तर राजदूत झालेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.

वरिष्ठांचा फोन आला, "माणसं येतायत ना? मग विषय संपवा." विषय संपत नव्हता, कारण मच्छीमारच हटून बसले. बराकीचं दार उघडलं तरी ते बाहेर येईनात. होडीशिवाय घरी जाऊन खायचं काय, असं त्यांच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, निरोप पाठवून विचारलं. मामी सांगतात, तो आठवडा दूध वर येतंय म्हटलं तर ते गुपचूप उठून गॅस बंद करायचे. तेव्हा मामी खऱ्या घाबरल्या.

आठव्या दिवशी मामा सचिवबाईंकडे गेले आणि सगळं सरळ सांगून टाकलं. बाईंचा विश्वास बसला नाही. "बारा जणांनी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "सवय होती हे कारण मी वर कसं कळवू?"

"तुमच्याच बंदरातल्या, तुमच्याच बोटीवर तासभर या," मामा म्हणाले. "मी तोंड उघडणार नाही."

बाई आल्या, कारकुनालाही आणलं. कप्तान म्हणाला, "उजवीकडे पाच." सुकाणूवाला म्हणाला, "उजवीकडे पाच." कप्तान म्हणाला, "वेग कमी." तो म्हणाला, "वेग कमी." असं अर्धा तास चाललं. शेवटी बाईंना राहवेना. त्यांनी सुकाणूवाल्यालाच विचारलं, "हे सगळं तुम्हाला मान्य असतं का हो?"

तो कप्तानाकडे चोरून बघत म्हणाला, "बाई, मला विचारतंय कोण? ऐकू आलं, एवढंच सांगतो मी."

बाई इतक्या हसल्या की चष्मा पडता पडता वाचला. तिथल्या तिथे त्यांनी कारकुनाला वही उघडायला लावली आणि 'मान्य केली' खोडून 'ऐकली' लिहायला सांगितलं. बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यात आणखी पाच आठवडे गेले, पण होडी सुटली.

निघायच्या दिवशी मामा मामींना घेऊन धक्क्यावर गेले. इंजिन दुरुस्त झालेलं, जाळी आत चढत होती. कुणी मागितलेली नसताना मामांनी अकराही जणांसमोर माफी मागितली. "होडी मीच देऊन बसलो होतो. इतके दिवस तुम्ही माझ्या चुकीने इथे अडकलात."

तांडेल जाळं खाली ठेवून जवळ आला. "ठाऊक आहे साहेब. पहारेकऱ्याने त्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी चहाबरोबर तुम्हाला शिव्या घालतोय. सगळे मिळून." मग म्हणाला, "आता बंद करतो."

"बंद कशाला? घरी पोचेपर्यंत चालू द्या," मामा म्हणाले. "माझ्या कमाईच्या आहेत."

होडीतून स्वयंपाक करणाऱ्याने मान वर काढली. "माझी तर आजची घालून झालीय," तो ओशाळून म्हणाला.

मामा तो दुखरा गुडघा घेऊन होडीत उतरले आणि त्याला कडकडून मिठी मारली. त्यांचा पांढरा कोट तेलाने आणि माशांच्या वासाने कायमचा बाद झाला. ते रडत होते, असं मामी सांगतात. मामा नाही म्हणत नाहीत.