राखणीची पाळी

वसुधाताईंचं नाव पहिलं घेतो, कारण माझी गोष्ट कुठूनही सुरू केली तरी ती फिरून त्यांच्यापाशीच येते. त्या गिरगावात राहायच्या. कायदा शिकवून निवृत्त झाल्या आणि नंतर देशादेशांमधल्या समुद्राच्या कायद्यावर संशोधन करत बसल्या. मी डेकवरचा खलाशी, शाळा नववीत सोडलेला. आमची गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. आज मी हे एका परक्या बंदराबाहेर नांगरलेल्या, मालकाने सोडून दिलेल्या मालवाहू जहाजावर एकटा बसून मोबाइलवर लिहितोय, आणि इतके महिने डोकं ठिकाणावर ठेवून राहिलोय ते त्यांच्यामुळे. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांची विद्यार्थिनी अनघाताई म्हणाल्या, तू लिही. शुद्धलेखन त्यांनी बघितलंय, बाकी सगळं माझं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आपल्याकडे दुपारचे चार वाजले की ताईंचा फोन यायचा. रेंज फक्त जहाजाच्या पुढच्या टोकाला मिळते, म्हणून मी आधीच तिथे जाऊन दोरखंडावर बसायचो. फोन उचलला की आधी त्यांचा खोकला, मग "हं, दिगंबर." त्यांच्या मागे गिरगावची गल्ली ऐकू यायची. कुणाची तरी स्कूटर सुरू व्हायचं नाव घ्यायची नाही, समोरच्या घरात कुकर शिट्ट्या द्यायचा, शाळा सुटल्याचा गलका वर यायचा. मी डोळे मिटून ते सगळं आत घ्यायचो. मध्ये काही दिवस फोन आलाच नाही. मग एकदा वाजला, नाव त्यांचंच होतं, पण खोकला आला नाही. गल्लीही आली नाही. "दिगंबर, मी अनघा बोलतेय…" एवढं ऐकलं आणि मला कळलं. ताप अंगावर काढला होता त्यांनी. हॉस्पिटलात नेलं तोवर न्यूमोनिया खूप पसरला होता. "शुद्धीवर होत्या तेव्हा मला सारखं विचारत होत्या," अनघाताई म्हणाल्या, "चार वाजले का गं?" मी वेड्यासारखं विचारलं, "मग उद्या फोन…?" मग त्या म्हणाल्या, "मी करीन."

ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते लालबागला, आमच्या खोलीवर. आमची म्हणजे गावची. मालवणकडच्या आमच्या वाडीतला जो कुणी मुंबईला कामाला येतो तो तिथेच उतरतो. आधी गिरणीतली माणसं असायची, मग गोदीतली, आता आमच्यासारखी जहाजावरची, कुणी सिक्युरिटीतली, कुणी कुरिअरवाली. भिंतीला ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि एक नियम. खोलीला कुलूप लागत नाही. कधीच नाही. गणपतीला, शिमग्याला सगळे गावी निघाले तरी एकाने मागे राहायचं, सांजेला देवाकडे दिवा लावायचा, कुणी चुकून दारात आलं तर त्याला पाणी द्यायचं. त्याला आम्ही राखण म्हणतो. राखणीला पाळी असते. आबा, म्हणजे खोलीतले सगळ्यात जुने, जेवणं झाल्यावर विचारतात, "औंदा राखणीक कोण रवता?" आणि कुणीतरी हात वर करतो. त्यावर चर्चा होत नाही.

तर ताई जुन्या खलाशांच्या हकीकती गोळा करत खोलीवर आल्या. आबांनी आपल्या तरुणपणी जहाजं केलेली. ताई सरळ ट्रंकेवर बसल्या, आणि आबांनी कुठल्याशा बंदरात आपल्याला सोडून कप्तान कसा निघून गेला होता ते सांगितलं. मी पहिली ट्रिप करून नुकताच परतलो होतो आणि चहाचं माझ्याकडे होतं. मला वाटलं, बाई लिहून घेणार, जाणार, संपलं. पण महिन्याभराने आबांना निरोप आला, लिहून झालंय, ऐकायला या. ताईंची ती पद्धतच होती. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला समोर बसवून, इंग्रजीतलं मराठीत सांगत, सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तो म्हणेल ते खोडायचं. त्याशिवाय छापायला द्यायचं नाही. आबांबरोबर मीही गेलो. खिडकीपाशी एक बुटकं लाकडी स्टूल होतं, ऐकणाऱ्याने त्यावर बसायचं. आबा अंग चोरून बसले. ताई वाचत होत्या, मध्येच आबा म्हणाले, "ताईनू, थांबा. ह्या काय? बिचारो कित्याक केलास माका?"

"बिचारा नाही हो, असहाय लिहिलंय."

"ताच ता. मी काय असहाय नाय हुतंय. मी त्या कप्तानाक गाळी घालीत हुतंय."

ताई खळखळून हसल्या आणि त्यांनी तो शब्द खोडला. "मग काय लिहू?" "गाळी घालीत हुतो, असा लिवा." तसंच लिहिलं म्हणे त्यांनी. मग कोकम सरबत आलं, आबांनी एक घोट घेऊन "आगळ कमी पडला" असंही सुनावलं. खाली उतरताना मात्र मला म्हणाले, "दिग्या, बाई सरळ आसा."

पुढे माझी ही ट्रिप. जहाजाचा मालक एका देशातला, कंपनीचं ऑफिस दुसऱ्या, झेंडा तिसऱ्याच कुठल्या बेटाचा, माल चौथ्या देशात उतरवायचा आणि आम्ही खलाशी भलतीकडचेच. इथे पोचल्यावर मालकाने फोन उचलणं बंद केलं. तेलवाले, अन्नवाले कोर्टात गेले आणि कोर्टाने जहाजाला अटक केली. हो, जहाजाला. मलाही ऐकून हसू आलं होतं. आम्ही सगळे तसेच अडकून पडलो. शेवटी आमची सुटका करायचं ठरलं तेव्हा बंदराचा एक अधिकारी चढून आला आणि म्हणाला, जहाज रिकामं ठेवता येत नाही, कायद्याने एक माणूस हवा, कोण राहील? सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि माझा हात वर गेला… मी काही मोठेपणा केला नाही, हे खरंच सांगतो. विचारच केला नाही. कुणीतरी राहील का असं कुणी विचारलं की हात वर जातो, एवढीच सवय. वाटलं, पंधरा दिवसांची गोष्ट, जहाज विकलं जाईल. बाकीचे विमानाने घरी गेले. जहाज काही विकलं गेलं नाही. आणि राखणदार म्हणून सही माझी होती, त्यामुळे मी उतरायचं म्हटलं की कायदा मोडतो.

खोलीवर फोन केला. आबा तडक गिरगावला गेले आणि संध्याकाळच्या आत ताईंचा मला फोन. पहिलाच प्रश्न, "हात का वर केलास?"

"सवय, ताई. खोलीतली."

त्यांनी कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सांग बरं मला त्या सवयीबद्दल. सावकाश." मी राखणीचं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून चारचा फोन सुरू झाला, आणि त्यांचे ठरलेले प्रश्न. काय खाल्लंस? पाणी आहे? आज कुणाशी बोललास? मी म्हणायचो, तुमच्याशी. "मला सोडून. त्या लाँचवाल्याशी बोल, त्याचं नाव विचार, त्याच्या मुलांची नावं विचार." पाणी आणि जेवण घेऊन लाँच येते तेवढीच माणसाची चाहूल. मी म्हटलं, भाषा येत नाही. "मग त्याला मालवणी शिकव. तुला रोज कुणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे, दिगंबर. उद्या कोर्टात विचारलं तर सांगायला, आणि कोर्टात नाही विचारलं तरीही." आता तो लाँचवाला दुरूनच "बरा मां?" असं ओरडतो. ही ताईंचीच कमाई.

कायदा त्या मला सोपा करून सांगायच्या. समुद्राच्या कायद्यात फार जुन्या काळापासून जहाजालाच आरोपी धरतात, कारण मालक दूर कुठेतरी असतो आणि जहाज तेवढं हाताशी सापडतं. "कायद्याने जहाजाला माणूस केलं," त्या एकदा म्हणाल्या, "आणि त्यावर ठेवलेल्या माणसाला काय केलं, तेवढंच मी शोधतेय." पूर्वी मुंबई बंदरातून गेलेल्या खलाशांची कागदपत्रं त्या वाचत आल्या होत्या, हल्लीचे करारही. करारात सोडून दिलेल्या खलाशाला अन्न द्या, घरी पाठवा असं सगळं आहे. पण जो राखणीला म्हणून ठेवला तो सोडून दिलेला की नेमलेला, यावर प्रत्येक देश आपल्या सोयीचं बोलतो. माझं घोडं तिथेच अडलंय.

एकदा फोनवर मागून आबांचा आवाज आला. ते त्यांच्याकडे जाऊन बसले होते आणि चिडले होते. "ताईनू, तुमी कोर्टाक सरळ लिवा. मी जातंय त्याच्या जाग्यार. माजी पाळी."

"आबा, तुमचं वय काय?"

"वयाचो काय संबंध? दिवो लावूचो आसा, जहाज ढकलूचा नाय."

मी इकडे हसत होतो आणि डोळे पुसत होतो. ताईंनी त्यांना जाऊ दिलं नसतंच. पण दुसऱ्या दिवशी चारला त्या वेगळ्याच घाईत होत्या. "आबांनी मला रात्रभर झोपू दिलं नाही. पाळी, दिगंबर! तुमच्या खोलीत राखण संपते, गावचे परत आले की संपते. ती संपते म्हणूनच कुणी हात वर करतो. इथल्या हुकुमात नेमणूक कधी ते लिहिलंय, संपणार कधी ते कुठेच नाही. ज्याला शेवट नाही त्याला राखण म्हणायचं नाही, कैद म्हणायचं." हा मुद्दा त्यांनी नीट मांडून माझी केस बघणाऱ्या इथल्या वकिलाला पाठवला. तो वकीलही भला माणूस, त्याने तो कोर्टापुढे ठेवला. कोर्टाने तारीख दिली. मग पुढची तारीख.

आमचं शेवटचं बोलणं त्यावरूनच झालं. वकिलाने एक सोपी वाट सुचवली होती, किनाऱ्यावरचा एखादा गरजू माणूस माझ्या जागी बसवायचा, म्हणजे मी लगेच सुटेन. मी तर हरखलो होतो. ताई खोकत खोकत म्हणाल्या, "तुला हवं असेल तर मी आज हो कळवते. तुझा हक्क आहे, आणि माझ्या संशोधनासाठी तुला तिथे बसवून ठेवणारी मी कोण? पण त्या माणसाची पाळी कधी संपणार, तेही त्याच कागदावर मागू. चालेल?" मला आईचा चेहरा दिसत होता, आमचं घरापुढचं खळं दिसत होतं. त्याने उशीर होईल का, मी विचारलं. "होईल कदाचित," त्या म्हणाल्या. खोटं बोलता आलं असतं त्यांना. मी म्हटलं, "मागा." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण विचारायला हवं ना." मग त्यांनी आपल्या संशोधनातलं माझ्यावर लिहिलेलं प्रकरण वाचायला घेतलं. मी दोरखंडावर बसून ऐकत होतो. अर्ध्यात खोकल्याची उबळ आली, थांबेना. "उरलेलं उद्या," म्हणाल्या. खोकल्याचं विचारलं तर नेहमीसारखं, "गिरगावची धूळ रे."

आता तारीख पुन्हा पुढे गेली आहे. वकील म्हणतो, आशा आहे. मला भीती वाटते, हे लपवत नाही. ताई होत्या तोवर वाटायचं, कुठेतरी एक माणूस माझ्या वतीने जागा आहे. संध्याकाळी नांगरलेल्या जहाजाचा दिवा लावताना मनात येतं, आता मला विसरून गेले तर? पण चारला फोन वाजतो. अनघाताईंना अजून सवय नाही, त्या आधी तब्येत विचारतात आणि मग आठवण येऊन घाईने म्हणतात, "आज कुणाशी बोललास?" परवा त्या म्हणाल्या, प्रकरणाचं उरलेलं वाचून दाखवू का? छापायला द्यायचं तर तुझा होकार लागेल, ताईंचा नियम आहे. मी नको म्हटलं. अजून नको.

कारण आबा एकदा गिरगावला जाऊन आले आणि फोनवर नीट बोलेचनात. मग म्हणाले, "ताईच्या घराक कुलूप आसा रे. बघवना नाय." एकट्याच होत्या त्या. भाचा परदेशात, तो येईल तेव्हा घराचं ठरेल. किल्ली अनघाताईंकडे आहे. आत सगळं तसंच आहे म्हणतात, पुस्तकं, खिडकी आणि खिडकीपाशी ते बुटकं स्टूल.

ताई, माझ्यावरचं ते अर्धं प्रकरण मी तिथेच येऊन ऐकणार आहे, त्या स्टुलावर बसून, आणि कुठे बिचारा केला असेल तर खोडायला लावणार आहे. तुमचं मी काय फेडणार? पण कधीतरी ही इथली राखण संपेल. मग भाचा येईपर्यंत तुमच्या घराचं कुलूप काढायचं, सांजेला दिवा लावायचा, कुणी दारात आलं तर पाणी द्यायचं. औंदा कोण राहणार, असं आबांना विचारावं लागणार नाही. मी इथूनच हात वर केलाय.