हनोईतली वामकुक्षी

एकटीने परदेशी जायचं ठरवलं तेव्हा सोसायटीत मला पहिला प्रश्न आला तो असा: "ग्रुप मिळाला नाही का?" विचारणाऱ्या बाई खालच्या मजल्यावरच्या. मी म्हटलं, "मिळत होता. मीच नको म्हटलं." त्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "हो का," आणि दार लावून घेतलं. आमच्या कोथरूडमध्ये "हो का" या दोन शब्दांत माणसाचं अख्खं चारित्र्य येतं.

खरं कारण मी त्यांना सांगणार नव्हते. कारण होती माझी मुलगी. ती बेंगळुरूला असते, नोकरी करते, आणि तिचे वडील गेल्यापासून तीन वर्षं माझ्या मागे लागली होती की फ्लॅट भाड्याने दे आणि माझ्याकडे ये. मागच्या वर्षी जिन्यात माझा पाय मुरगळला आणि ते मी तिला आठ दिवसांनी सांगितलं, तेव्हापासून तर तिने हट्टच धरला. माझं म्हणणं असं, की मी त्रेसष्ट वर्षांची आहे, एकशे तीन नाही. पहाटे टेकडीवर जाते, लायब्ररीतून पुस्तकं आणते, स्कूटर चालवते, भाजीवाल्याशी माझी माझी भांडते. बेंगळुरूला जाऊन मी कुणाशी भांडू? तिथल्या भाजीवाल्याला माझं एक अक्षर कळायचं नाही.

शेवटी एक दिवस फोनवर कडाक्याचं वाजलं. ती म्हणाली, "इतकी खात्री आहे ना स्वतःची? मग सहा दिवस कुठेतरी परक्या ठिकाणी एकटी राहून दाखव. रोज संध्याकाळी सात वाजता खुशालीचा फोन, बास. एकदा जरी 'अगं, आता काय करू?' असा फोन आला, तर दिवाळीच्या आत फ्लॅट भाड्याने. नाही आला, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही."

मी म्हटलं, "ठरलं."

हनोई निवडण्यामागे फार विचार नव्हता. दातांच्या डॉक्टरकडे बसले असताना एका मासिकात फोटो पाहिला होता. अख्खा रस्ता दुचाक्यांनी भरलेला, मुंगी शिरायला जागा नाही. पुण्यात चाळीस वर्षं दुचाकी चालवलेल्या बाईला तिथे कोण काय शिकवणार, असा माझा हिशेब. मुलगी दोन दिवस येऊन फोन वगैरे लावून देऊन गेली. मी एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे कागदपत्रांची भीती मला नाही. चिवडा, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घेतली आणि निघाले.

पहिल्याच दिवशी माझी चांगली जिरली. आपल्याकडे रस्ता ओलांडायची एक रीत आहे. हात आडवा करायचा, चार पावलं पळायचं, मध्ये थांबायचं, येणाऱ्याकडे रोखून बघायचं, पुन्हा पळायचं. मी तेच केलं. पण तिथे कुणी थांबतच नाही. तुम्ही सरळ एका चालीने गेलात तर गाड्या तुम्हाला वळसा घालून जातात, आणि मध्येच थबकलात तर त्यांचा अंदाज चुकतो. माझ्यामुळे एक पोरगा गाडीसकट पडता पडता वाचला. आता हा "घरी सांगून आलात का?" म्हणणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं. तर तो हसला आणि गेला. इतका अपमान मला पुण्यात कधी वाटला नव्हता.

मग फुटपाथवर उभी राहून मी बायकांना नीट पाहिलं. खांद्यावर कावड, दोन्हीकडे फळांच्या टोपल्या, आणि चालताहेत तर देवळात प्रदक्षिणा घालावी तशा सावकाश. तसं केलं आणि जमलं. जमल्यावर काही काम नसताना मी तो रस्ता चार वेळा अलीकडे-पलीकडे केला. त्रेसष्टाव्या वर्षी एवढी मजा यावी असं त्यात काही नव्हतं, पण आली खरी.

माझं हॉटेल जुन्या भागात होतं. तिथे प्रत्येक गल्लीचा आपला एक धंदा. एकीत नुसतं रेशीम, एकीत चांदी, एकीत पूजेचं सामान, एकीत बांबूच्या शिड्या. मी कसबा पेठेत वाढलेली. तांबट आळी घरापासून हाकेच्या अंतरावर, बुरुड आळीही तिथेच. मला त्यात नवल कसलं! आणि नेमकी माझ्या हॉटेलच्या मागे पत्र्याचं काम करणाऱ्यांची गल्ली होती. डबे, नरसाळी, धुराडी, सगळं हाताने ठोकून. सकाळी आठला ठोकाठोक सुरू व्हायची. हॉटेलातली बाकीची पाहुणे मंडळी तक्रार करायची. मी मात्र पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून जागी झाले आणि क्षणभर मला वाटलं की आता आई चहा घेऊन येईल. परक्या गावात पहिल्याच सकाळी मला माहेर मिळालं.

त्या ठोकाठोकीचा मी पुढे वापरच सुरू केला. गल्ल्यांची नावं मला वाचता येत नव्हती, वाचली तरी उच्चारता येत नव्हती. म्हणून फिरायला निघायचं, हवं तिकडे वळायचं, आणि परतताना कान देऊन आवाजाच्या दिशेने यायचं. तीन दिवस एकदाही चुकले नाही. रोज सातच्या फोनवर मुलीला मी अशा थाटात सांगायचे की हनोई मीच वसवलंय.

चौथ्या दिवशी अकरा वाजता बाहेर पडले. त्या दिवशी मला बांबूच्या गल्लीपलीकडे जायचं होतं. फिरले, वळले, पुन्हा वळले. टोपल्यांच्या दुकानात रमले, एका चिमुकल्या देवळात बसले, अंड्याची म्हणतात ती कॉफी प्यायले. बाराच्या पुढे भूक लागली तेव्हा म्हटलं, चला आता. आणि कान दिला.

आवाजच नाही.

दोन मिनिटं मला कळेचना काय झालं ते. मग आजूबाजूला पाहिलं. समोरच्या दुकानात बाई गल्ल्यावर डोकं टेकून झोपलेली. शेजारी एक जण स्कूटरच्या सीटवर पाठ टेकून, पाय हँडलवर टाकून गाढ. पलीकडे घडीच्या खाटेवर आणखी एक जण. म्हणजे सगळी गल्ली झोपली होती. दुकानं उघडी, माल रस्त्यावर, पंखे चालू, आणि माणसं झोपलेली. आपल्याकडे दुपारी झोपायचं तर आधी दार बंद करून त्यावर पाटी लावतात. इथे पाटी नव्हती एवढाच काय तो फरक. पत्रेवालेही अर्थातच आडवे झाले होते.

मी पर्समध्ये हात घातला. वाचायचा चष्मा नव्हता. चष्मा त्याच्या डबीत, डबी हॉटेलच्या टेबलावर, आणि हॉटेलचं कार्ड नीट राहावं म्हणून मी शहाणीने त्याच डबीत ठेवलेलं. फोन होता, पण चष्म्याशिवाय नकाशा म्हणजे माझ्यापुढे नुसता पांढरा उजेड. हॉटेलचं नाव आठवत होतं अर्धं. ते मी फोनला तोंडाने सांगून पाहिलं. त्याने काहीतरी लिहून दाखवलं, ते मला दिसलं नाही. असा आमचा संवाद.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? एखाद्याला हलवून उठवेल आणि खुणेने पत्र्याची गल्ली विचारेल. दोन मिनिटांचं काम. पण ते माझ्याच्याने होईना. माझ्या वडिलांचं कसबा पेठेत स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. दुपारी एक ते चार ते बंद असायचं, आणि त्या वेळात वडिलांना उठवणं हा आमच्या घरातला सर्वांत मोठा गुन्हा. एकदा एक गिऱ्हाईक खालून हाका मारत होतं म्हणून मी त्यांना उठवायला गेले. त्या दिवशी जो धपाटा बसला तो पन्नास वर्षांनी हनोईत माझ्या पाठीवर जागा झाला. मी खाटेवरच्या माणसाजवळ दोनदा गेले. दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. एकदा खोकून पाहिलं. तो कूस बदलून झोपला.

मी आपल्या मनाने चालत राहिले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच खाटेसमोर आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. ऊन डोक्यावर, गुडघा दुखायला लागलेला. बांबूच्या शिड्यांच्या दुकानाबाहेर एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर मी मटकन बसले. दुकानाचा मालक, माझ्याच वयाचा, आत शिड्यांच्या मधे खाटेवर घोरत होता.

फोन हातात होता. त्यात मुलीचा फोटो एवढा मोठा लावलेला, की तो चष्म्याशिवायही दिसतो. एक बोट टेकवलं की सुटका होती. तिने तिथून पाच मिनिटांत मला हॉटेलच्या दारात नेऊन उभं केलं असतं, तिला ते सगळं येतं. आणि त्याबरोबर माझा फ्लॅट, टेकडी, स्कूटर, सगळं संपलं असतं. मी चक्क घाबरले होते. हरवण्याला नाही घाबरले. उजेड होता, माणसं होती, संध्याकाळपर्यंत कुणीतरी उठलंच असतं. मी घाबरले ते या विचाराला, की मुलगी म्हणते ते खरं असेल तर? चष्मा विसरणारी, पत्ता विसरणारी, स्टुलावर बसून राहिलेली बाई एकटी राहायच्या लायकीची नसेलच तर? अंगठा फोटोवर धरून मी बराच वेळ बसले.

पण दाबला नाही. अभिमान म्हणा, आडमुठेपणा म्हणा, आमच्यात दोन्ही एकच. स्वतःला म्हटलं, हे दुपारचे झोपलेत, मेलेले नाहीत. उठतील की. माणूस झोपतो तसा उठतो. बस गप.

आणि कधीतरी ठण्ण झालं. लांबून, डावीकडून. मग पुन्हा एक. मग दुसऱ्या कुणाचा हातोडा त्यात मिसळला, मग तिसऱ्याचा. माझा जीव भांड्यात पडला. उठून उभी राहिले तर मागे मालकही डोळे चोळत उठून बसलेला. आपल्या दुकानाच्या दारात परकी बाई पाहून तो दचकला नाही की काही नाही. थर्मासमधून दोन कपांत फिका हिरवा चहा ओतला आणि एक माझ्यापुढे धरला. मी नमस्कार केला आणि बसून अख्खा कप प्यायले. उठल्या उठल्या चहा देणाऱ्या माणसाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

मग आवाजाच्या मागे गेले. सात मिनिटांत हॉटेल. इतकं जवळ होतं म्हणून स्वतःचाच राग आला. खोलीत जाऊन आधी चिवडा खायचा सोडून चष्म्याच्या डबीला मी तोंडाला येईल ते बोलले.

त्या संध्याकाळी सातला फोन केला. "आज काय केलंस?" तिने विचारलं. "फिरले थोडी," मी म्हटलं. ती म्हणाली, "दमली असशील. लवकर झोप." बस, एवढंच. मला हायसं वाटलं. उरलेले दोन दिवस मी हनोईभर मिरवले. तळ्याभोवती पहाटे बायका व्यायाम करतात, त्यांच्यात जाऊन हात-पाय हलवले, फळांची नावं शिकले, बाहेर पडताना चष्मा विसरले नाही.

पुण्याला परतले तर मुलगी कोथरूडला येऊन थांबलेली. चहा टाकला होता. म्हणाली, "जिंकलीस. आता मी विषय काढणार नाही."

मी म्हटलं होतं, गप्प बसायचं. नियमाने जिंकले होतेच. पण मुरगळलेल्या पायाच्या वेळी तिचा चेहरा कसा झाला होता ते मला ठाऊक होतं. पुन्हा काही लपवल्याचं ओझं घेऊन मला त्या घरात सुखाने राहता आलं नसतं. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. चष्मा, झोपलेली गल्ली, तीन चकरा. "फोन करणार होते," मी म्हटलं. "अगदी अंगठा ठेवला होता. तेव्हा तू ठरव, जिंकले की हरले."

ती हळूच म्हणाली, "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"फोन लावून दिला तेव्हा तुझं लोकेशन माझ्याकडे दिसेल असं करून ठेवलं होतं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस." मी भडकणार होते, तेवढ्यात ती पुढे बोलली. "ऑफिसात मीटिंग चालू होती. टेबलाखाली फोन धरून बघत होते. तुझा ठिपका त्याच त्याच गल्ल्यांतून तीन वेळा फिरला. मग एका जागी थांबला. पाऊण तास हलला नाही, आई. पाऊण तास. तिथे काय करत होतीस?"

"दुकानदार उठायची वाट बघत होते."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी विचारलं, "अगं मग फोन का नाही केलास? इतका जीव टांगणीला लागला होता तर?"

"मी केला असता तर तू हरली असतीस," ती म्हणाली. "आणि मग मला तुला घेऊन जावं लागलं असतं. हरलेली आई घरी नेऊन मी काय करू?"

मी उठले आणि तिला पोटाशी धरलं. बेंगळुरूतल्या त्या मीटिंगमध्ये माझी पोर पाऊण तास एकटी बसली होती, आणि तिने मला हाक मारली नव्हती.