जर्मन स्ट्रायकरची शेवटची मॅच

जर्मन साहेबांना मांडी घालता येत नाही, हे पहिल्यांदा आमच्या कँटीनच्या मावशींच्या लक्षात आलं. कंपनीत सत्यनारायण होता. सगळे पंगतीला बसले आणि हा ताडमाड माणूस भिंतीला टेकून उजवा पाय लांब पसरून बसला. मावशींनी मला कोपरानं ढोसलं, विचार की गं काय झालंय म्हणून. विचारणं हे माझंच काम होतं. बारामतीच्या एमआयडीसीत फळांचा रस भरायची आमची कंपनी. तिथं जर्मनीहून नवीन मशीन आलं, ते बसवायला हे साहेब आले आणि साहेब नि बाकीची माणसं यांच्यामध्ये बोलायला मला घेतलं. मी जर्मन शिकायला पुण्याला गेले तेव्हा वरकुट्यातल्या आमच्या चुलत्यांनी भर पारावर विचारलं होतं, जर्मनची भांडी घासायला शिकायला चाललीय का म्हणून. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. सगळा पार खो खो हसला होता. आता तेच चुलते पुतणी साहेबाशी कशी फाडफाड बोलते ते सांगत गावभर फिरतात. फिरू देत.

तर साहेबांना विचारलं. म्हणाले, गुडघा. फुटबॉल खेळायचो. मी म्हटलं, शाळेत का? ते हसले. शाळेत नाही, पोटासाठी. क्लबाकडून पगार घेऊन, स्ट्रायकर म्हणून.

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या शेडमध्ये. स्टोअरवाल्यानं मोबाइलवर साहेबांचं नाव टाकून एक धुरकट व्हिडिओ शोधून काढला. पाऊस, चिखल, आणि एक हडकुळा तरुण उडी मारून डोक्यानं चेंडू जाळ्यात घालतो. सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग माझ्यामार्फत प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. वर्ल्ड कप खेळलात का? नाही. देशाकडून तरी? नाही. मग सगळ्यात वरच्या लीगमध्ये? एक हंगाम, तोही बराचसा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून. एकेकाचा चेहरा उतरत गेला. मग काय उपयोग मॅडम, असं स्टोअरवाला माझ्याकडं बघून म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, तुझ्या अख्ख्या गावात खेळून घर चालवणारा एक माणूस दाखव मला. साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय तो? मी सांगितलं, तुमचं कौतुक करतोय. त्यांना ते पटलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली.

आमचं एक छोटं युनिट इंदापूरलाही आहे, पेरू-डाळिंबाचा गर काढायचं. आठवड्यातून दोनतीनदा कंपनीच्या गाडीनं आम्ही तिकडं जायचो. हंगाम कारखान्यांचा, रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. पिंपळी गाव मागं पडलं की गाडी त्यांच्या मागं रांगायला लागायची आणि साहेब बोलायला लागायचे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळं ते मला अगदी पहिलीतल्या पोरीसारखं समजावून सांगायचे. वडील बेकरीत कामाला. मिसरूड फुटायच्या आत घरापासून लांब एका क्लबाच्या वसतिगृहात राहायला गेले. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, हेही त्यांनी सांगितलं, आणि सांगताना जराही लाजले नाहीत. मग दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये नाव झालं. एक वर्ष तर असं गेलं की पाय लागेल तो चेंडू आत. गावातल्या बेकरीवाल्यानं दुकानाच्या काचेवर त्यांचा फोटो लावला. त्या वर्षाच्या जोरावर मोठ्या क्लबानं उचललं आणि बाकावर बसवलं. तिथून दुसऱ्याला वापरायला दिलं, तिथून तिसऱ्याला. दर वेळी नवीन गाव, नवीन खोली, आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवायचं की मला गोल मारता येतो. मी म्हटलं, म्हणजे आमच्या एसटीच्या कंडक्टरसारख्या बदल्या. त्यांना हे फार आवडलं. दोन दिवस ते स्वतःला कंडक्टर म्हणत होते.

शेवटी कसं सुटलं, ते मात्र सांगायचे नाहीत. गुडघा गेला, इतकंच. मग उतरत्या वयात पोरासोरांच्या वर्गात बसून फिटरचं काम शिकले आणि आज इथं आहेत. शेवटच्या मॅचचं विचारलं की बाहेरच्या उसाकडं बघत राहायचे.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण मला साहेबांच्या गुडघ्याशी खरं देणंघेणं होतं ते त्याच्यामुळं.

धाकटा भाऊ पैलवान. आमच्या घरात आज्ज्यापर्यंत मेंढरं होती, आबांनी, म्हणजे वडिलांनी, ती मोडून ऊस लावला, आणि माझा हा भाऊ इंदापूरच्या तालमीत वाढला. त्या साली आमच्या गावच्या यात्रेच्या मैदानात शेवटची, म्हणजे सगळ्यात मानाची कुस्ती त्याची लागली होती. आपल्याच गावात शेवटची कुस्ती मिळणं म्हणजे काय, ते पैलवानाच्या घरातल्यालाच कळेल. समोर होता त्याचा जुना सोबती. दोघं एका तालमीत एका ताटात जेवलेले, पुढं तो पुण्याच्या तालमीत गेला. सगळ्या तालुक्याला ही जोड बघायची होती. आणि यात्रा तोंडावर आली असताना सरावात भावाच्या गुडघ्यातून कट्कन आवाज आला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला अस्थिबंध अर्धा तुटलाय. ऑपरेशन करून वर्षभर विश्रांती घेतली तर पुन्हा लढेल. तसंच लढला आणि उरलेला तुटला, तर कुस्ती विसरायची.

भावाचं म्हणणं, हितं एकदा लढतो, मग डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे. आईनं अन्न सोडायची धमकी दिली. मी भांडले, फोन आपटला, अबोला धरला. आबा फक्त म्हणायचे, त्याचा पाय हाय, त्यानं ठरवावं. आबांचा तो शांतपणा बघून तर माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

मग माझ्या डोक्यात आलं की साहेबांना घरी न्यावं. स्वतःचा गुडघा घालवून बसलेला माणूस, तो सांगेल तेव्हा तरी पोरगं ऐकेल. मी गाडीत त्यांना सगळं सांगितलं आणि गळच घातली की त्याला लढू नकोस असं सांगा. ते म्हणाले, तो जे विचारेल त्याचं उत्तर देईन. मला वाटलं, तेवढं पुरे.

रविवारी दुपारी आम्ही वरकुट्याला पोचलो. आईनं भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. साहेबांना बाजेवर बसवलं, पुढ्यात स्टूल मांडलं. ते मन लावून जेवले. मग त्यांनी भावाला समोर एका पायावर उभं राहायला सांगितलं, बस म्हणाले, ऊठ म्हणाले. भाऊ दात आवळून उठला आणि दुखत नसल्यासारखं हसला. साहेबांनी मान खाली घातली. त्या हसण्याची त्यांना ओळख असणार.

भाऊ माझ्याकडं वळला. "आक्का, त्यास्नी इचार, पाय असा असताना ते खेळले असते का?"

मी विचारलं. साहेबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "मी खेळलो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माहीत असताना, गुडघ्यात इंजेक्शन घेऊन खेळलो."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला की हाताला धरून गाडीत नेऊन बसवावं. आई, आबा, भाऊ, दारात उभे असलेले चुलते, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. त्या घरात माझ्याशिवाय कुणाला ती भाषा येत नव्हती. ते म्हणतात अजिबात लढू नकोस, असं मी सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. शब्द जिभेवर आले होते. पण पोरगं माझ्याकडं असं बघत होतं, लहानपणी रिझल्ट वाचायला माझ्या हातात द्यायचं ना, अगदी तसं. माझ्यानं खोटं बोलवेना. मी जसंच्या तसं सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. चुलते म्हणाले, शाब्बास, याला म्हणतात मर्द. मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते चपला घालून अंगणात गेले.

साहेबांनी हात वर केला. त्यांचं बोलून झालं नव्हतं. आणि गाडीत कधी सांगितली नव्हती ती मॅच त्यांनी त्या बाजेवर बसून सांगितली, एकेक वाक्य, माझ्यासाठी थांबत थांबत.

क्लब खालच्या लीगमध्ये घसरायच्या बेतात होता. ही एक मॅच जिंकली असती तर वाचला असता. ते इंजेक्शन घेऊन उतरले आणि नेहमीसारखे पळायला लागले. स्ट्रायकरनं मोकळ्या जागेत पळायचं आणि मधल्या खेळाडूनं तिथं चेंडू द्यायचा, तेव्हा गोल होतो. मधला खेळाडू त्यांचा जिवलग मित्र. कितीतरी गोल त्याच्या पायातून यांच्या पायात आलेले. त्या दिवशी हे पळाले, मित्रानं मान वर करून बघितलं आणि चेंडू दुसऱ्या बाजूला दिला. पुन्हा पळाले, पुन्हा तेच. ओरडले, शिव्या घातल्या, तरी चेंडू नाही. मैदानातला एकही माणूस त्यांना चेंडू देत नव्हता. आणि असंच मोकळं पळताना, आसपास कुणी नसताना, गुडघा गेला. मॅचही हरले. नंतर तो मित्र त्यांच्याजवळ बसून रडला. म्हणाला, तुझा पाय माझ्या पासवर मोडलेला मला चालला नसता.

"मी संघात होतो म्हणून आमचा एक माणूस कमी होता," साहेब म्हणाले. "ते सगळे माझी काळजी घेत होते."

मी हे मराठीत सांगून थांबले. भाऊ उंबऱ्यापाशी जाऊन बसला, मग खिशातून त्यानं फोन काढला आणि त्या सोबत्याला लावला. फोन स्पीकरवर होता. गुडघ्यातून आवाज आला त्या दिवशी सुट्टीला म्हणून हा सोबतीही तालमीत आला होता. त्यानंच भावाला उचलून बाहेर आणलं होतं.

भावानं जेवलास का वगैरे काही विचारलं नाही. "माझा पट काढशील का मैदानात? उजव्या पायाचा?" पट काढणं म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढणं. कुस्तीतला अगदी साधा डाव.

पलीकडून तो म्हणाला, "बघू की तवाच्या तवा."

"आत्ता सांग. खरं सांग."

"न्हाय रं. तुझ्या त्या पायाला माझा हात न्हाय लागायचा."

भाऊ बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. आबांकडं न बघता तो त्यांना म्हणाला, कमिटीला सांगा, शेवटची जोड दुसरी बघा. आबांनी नुसता हुंकार दिला. इतके दिवस ज्यासाठी मी जीव टाकला होता ते झालं होतं. यात्रेत हलगी वाजेल, सगळा तालुका जमेल, आणि माझा भाऊ बघ्यांमध्ये बसेल. हे मीच मागितलं होतं.

साहेबांनी मला विचारलं, फोनवरचा मित्र काय म्हणाला? मी सांगितलं. ते आपल्या हातांकडं बघत बसले.

"त्या दिवशी मैदानावर मी आणि माझा तो मित्र एकाच गाडीतून गेलो होतो," ते म्हणाले. "वाटेत मला त्याला हे विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. तो काय सांगेल ते मला माहीत होतं."

मी ते भावाला सांगितलं. तो उंबऱ्यावर पाठमोरा बसला होता, मान खाली, दोन्ही हात गुडघ्याभोवती.

"मला बी ठावं हुतं, आक्का," तो म्हणाला.

त्याचा अर्थ साहेबांनी मला विचारला नाही.