डावा डोळा वाचला असता

मी चौथी शिकलेला माणूस. कागद भिंतीला लावून लिहितोय, कारण मांडीवर घेतला तर दिसत नाही. डाव्या डोळ्यातलं वरचं अर्धं तेवढं उरलंय. उजवा पार गेला.

आमच्या कर्जतकडच्या कोंडाण्याच्या बाजूला भाताचं बी पेरायच्या आधी जमीन भाजतात. शेण, पाला, गवत, वर माती, असे थर देऊन पेटवायचं. त्याला राब म्हणतात. वारा बघून गावात पहिला राब मी पेटवणार, हे चाळीस वर्षं ठरलेलं. माझा धूर दिसल्याशिवाय कुणी काडी ओढत नसे.

यंदा त्याआधी महिनाभर कानशिलं ठणकत होती. टोपी घातली तरी डोक्याची कातडी दुखायची. भाकरी चावताना जबडा भरून यायचा. बायको म्हणाली, दात गेले तुमचे, आणि भाकरी कालवणात कुस्करून द्यायला लागली. मी म्हटलं, उन्हाचं हाय.

पहिला राब भाजला आणि दुसऱ्या सकाळी उठलो तर उजव्या डोळ्यापुढे खालून काळं. दुखणं नाही, पाणी नाही. दाराची वरची चौकट दिसत होती, उंबरा दिसत नव्हता. राख गेली असणार. राबाच्या दिवसांत सगळ्यांचेच डोळे लाल होतात आणि धन्याच्या पाण्यानं उतरतात. बायकोनं धने भिजवले, ते पाणी फडक्यातून गाळून डोळ्यात घातलं. फरक पडला नाही.

"अवो, कर्जतला डोळं दाखवून येऊ. रिक्षा सांगते."

"दोन राब राहिलेत. ते कोण भाजणार, तुझा बाप?"

"माझा बाप असता तर दोन्ही डोळं शाबूत ठेवून भाजला असता."

मला हसू आलं. पण गेलो नाही.

तिसऱ्या राबाची आग काठीनं सारत होतो, तेव्हा डावाही गेला. कुणी वरून डोळ्यावर हात धरावा तसा. काठी रोवून तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं परत दिसायला लागलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, "डावा बरा हाय ना?"

"त्याला काय धाड भरलीय?" म्हटलं.

दोन दिवसांनी सकाळी डाव्यातही खालचं अर्धं नव्हतं. मग मुलानं गाडी करून पनवेलला नेलं. डॉक्टरीणबाईंनी कानशील दाबलं तसा मी ओरडलो. टोपी घालताना दुखायचं का, चावताना जबडा दुखायचा का, त्यांनी विचारलं. माझ्या आधी बायकोच हो हो म्हणाली. बाई म्हणाल्या, "बाबा, ही रक्ताची नळी सुजते तेव्हा डोळ्याच्या नसेला रक्त पोचत नाही. उजवा गेला त्याच दिवशी आला असता, तर गोळ्या देऊन डावा बहुतेक वाचला असता. आता उरलंय ते सांभाळू."

बायको तिथंच रडायला लागली. "मी धन्याचं पाणी घालत बसली. माझ्यामुळं दिवस गेले." गाडीत तेच. घरी तेच. कोण भेटायला आलं की त्यालाही तेच सांगायची. आणि मी ऐकून घेत होतो. तीन महिने ऐकून घेतलं. मला अडाणी म्हटलं तर चालेल, पण घाबरून गप्प बसणारा भित्रा म्हणायला नको होतं कुणी.

परवा ती धने पाखडत होती. मधेच थांबली आणि सूप बाजूला ठेवलं. मला राहवलं नाही. सांगून टाकलं. तिसऱ्या राबाला डावा एकदा गेला होता, मी लपवलं.

तिचं तोंड दिसावं म्हणून मी मान खाली घातली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"मी विचारलं होतं तुमाला," ती म्हणाली.

"हो."

"मग का नाय सांगितलं? मी काय राब विझवला असता तुमचा?"

"विझवला असतास."

"हो," ती म्हणाली. "घागर ओतून विझवला असता."