खंडेनवमीचा नारळ

रॉकेलने पुसलेल्या लोखंडाचा आणि ओल्या झेंडूचा वास एकत्र आला, की मुलुंडच्या कारखान्यातली ती खंडेनवमीची सकाळ अजूनही डोळ्यांपुढे उभी राहते. वडील तिथे वीस वर्षं लेथवर होते. यंत्रपूजेला घरच्यांनाही आत सोडत. मोठे शेठ अनवाणी प्रत्येक यंत्रापाशी येत, कुंकू लावत आणि कामगाराला नावाने हाक मारून त्याच्याच हातून नारळ फोडून घेत. घरी कारखान्याचं नाव कुणी घेत नसे. ‘आमच्यात’ एवढंच म्हणत.

त्या वर्षी मोठे शेठ हयात नव्हते. त्यांच्या मुलाने, धाकट्या शेठांनी, कँटीन बंद केलं होतं आणि संपाची भाषा सुरू झाली होती. गिरण्यांच्या संपानंतर बेकार झालेले काका आमच्याच खोलीत राहत होते, त्यामुळे संप म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक होतं. वडिलांनी सगळ्यांना शब्द दिला होता : खंडेनवमीपर्यंत थांबा, तो ऑफिसातून खाली येईल, बापासारखाच बोलेल.

घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी म्हणून नवी साडी नेसून मी त्यांच्यामागे उभी होते. छपराच्या काचेतून उतरलेलं आश्विनातलं ऊन एकेका यंत्रावरून सरकत होतं आणि वरच्या ऑफिसचं दार काही उघडत नव्हतं.

“काय रे दत्ताराम, तुझो शेठ येतलो मां? का नारळ घराक न्हेऊन सोलकढी करूची?” शेजारच्या यंत्रावरचे सावंतकाका म्हणाले. दोघेतिघे हसले.

“येतलो. दम धर,” वडील म्हणाले.

आणि तो खरंच आला, अनवाणी आला. त्याने लेथला कुंकू लावलं. वडिलांचे खांदे सैल झाले, त्यांनी नारळ उचलला, तेवढ्यात त्याने अगदी अदबीने विचारलं, “आपलं नाव काय?”

यंत्रं बंदच होती, तरी आणखी काहीतरी बंद पडल्यासारखं वाटलं.

“चारशे बारा,” वडिलांनी बिल्ल्यावरचा नंबर सांगितला. शेठांनी मान डोलावली आणि बरोबरच्या साहेबाला तो लिहून घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी गेटवरच्या सभेत संपासाठी पहिला हात वडिलांचा वर गेला.

तो खाली आला होता, त्याने आदराने विचारलं होतं. मग कमी काय पडलं, हे माझ्या कॉमर्सच्या पुस्तकांत मला सापडलं नाही. वडिलांना विचारायचा धीर झाला नाही. घराकडे चालताना तेच आपणहून म्हणाले, “पोरगो वायट नाय गो,” आणि त्यांचा आवाज असा होता, जणू माफी तेच मागत होते.