व्हर्लिनला काही झालेलं नाही

माझा मेव्हणा व्हर्लिन स्टकी एक्क्याण्णवच्या आखाती युद्धातून हातपाय शाबूत घेऊन परतला, हीच त्याची चूक. एखादा पाय तुटला असता तर ओहायोतल्या आमच्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं असतं.

सैन्यात तो ट्रक दुरुस्त करायचा. पेटलेल्या तेलविहिरींच्या धुरात महिनाभर राबला, विषारी वायूवर उतारा म्हणून दिलेल्या गोळ्या मुकाट गिळल्या. घरी आल्यावर दोन-तीन वर्षांत सांधे धरले, पोट बिघडलं, मग शब्द हरवायला लागले. पान्याला तो 'ते फिरवायचं' म्हणू लागला. गॅरेजची नोकरी गेली. आधी चिडायचा, मग खोलीत जाऊन रडायचा. गाव म्हणालं, आळशी. झेंडे लावण्यात आमचं गाव पहिलं, सैनिकाच्या दारात पाय ठेवण्यात शेवटचं. मीही तेच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू?

शेवटी त्याने अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. त्याच्या सरकारी तपासणीला नोरीन, माझी बहीण, मलाही घेऊन गेली. समोर तिघं. मधल्या डॉक्टरने वर बघितलंसुद्धा नाही.

"रक्त ठीक, फोटो ठीक. तुम्हाला काही झालेलं नाही. ताण आहे. एखादा छंद लावून घ्या."

व्हर्लिनने पिशवीतून आपल्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढला आणि टेबलावर सुटा केला. "हा मी डोळे झाकून जोडायचो. आता बघा."

पाच मिनिटं त्याचे हात नुसते भिरभिरले. घामाने शर्ट भिजला.

"उचला हे. कागदांना तेल लागतंय," डॉक्टर म्हणाला.

"कागदांची काळजी आहे होय!" नोरीन कडाडली. "माणूस बसलाय समोर, तो दिसतोय का?"

दिसला नाही. अर्ज फेटाळला.

अकरा वर्षांनी एका विद्यापीठातल्या डॉक्टर प्रुइट बाईंनी दोन दिवस त्याच्या चाचण्या घेतल्या. म्हणाल्या, "तुमची स्मरणशक्ती खरंच मंदावलीय. त्या युद्धातल्या कितीतरी जणांचं असंच झालंय. हे सोंग नाही."

"म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही."

"नोरीन, तू ऐकून ठेव. मी विसरेन."

त्या अहवालावर अपील जिंकलं. दुखणं मात्र तसंच राहिलं.

मग गावाला जाग आली. यंदाच्या सैनिक दिनाच्या मिरवणुकीत त्याला उघड्या गाडीत बसवायचं ठरलं, आणि निरोप घेऊन मला पाठवलं. व्हर्लिन ओट्यापाशी शेंगा सोलत होता.

"कॉफी पी," तो म्हणाला. "आणि त्यांना सांग, मी विसरलो."

मी तसंच सांगितलं. मिरवणूक समितीच्या अध्यक्षांनी मान हलवली. "बिचारा!" म्हणाले, आणि गाडीत स्वतः बसले.